स्लो लॅपटॉप: फॉरमॅट मारण्याआधी काय काय तपासायचं

लॅपटॉप रिपेअरिंगच्या दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे ‘स्लो झालाय’. तिच्या जोडीला गिऱ्हाइकाने घरूनच ठरवून आणलेला उपाय असतो, ‘भाऊ, फॉरमॅट मारून द्या’. फॉरमॅट मारला की महिनाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच, कारण मूळ दुखणं जागच्या जागीच असतं. लॅपटॉप मंद होण्याची कारणं तशी मोजकी आहेत. त्यातली बरीचशी हातात स्क्रूड्रायव्हर न घेता कळतात. खाली दिलेला क्रम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या कामाकडे जातो, म्हणून उड्या मारू नका. हे सगळं विंडोज १० आणि ११ ला धरून लिहिलं आहे.

आधी लक्षणं

एक दिवस नुसतं बघा, लॅपटॉप नेमका कधी अडतो.

चालू केल्यावर डेस्कटॉप दिसतो, पण पुढची पाच-दहा मिनिटं काही उघडत नाही, आणि मग हळूहळू सुधारतो? बहुतेक वेळा जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आणि सुरुवातीलाच उघडणाऱ्या प्रोग्रॅमची गर्दी, अशी ही जोडगोळी असते.

सुरुवातीला बरा असतो, पण ब्राउझरचे टॅब वाढले, सोबत एक्सेल उघडलं की अडखळतो, एका खिडकीतून दुसरीत जाताना पडदा पांढरा पडतो? रॅम, म्हणजे चालू कामं ठेवायची तात्पुरती जागा, कमी पडते आहे.

अर्धा तास नीट चालतो, मग फॅनचा आवाज वाढतो, तळ तापतो आणि सगळंच मंदावतं? हा उष्णतेचा मामला.

चालू केल्यापासून बंद करेपर्यंत एकसारखा मंद, माउसचा बाणसुद्धा अडखळत सरकतो, आणि चार्जर काढला किंवा लावला की फरक पडतो? चार्जर किंवा बॅटरीकडे बघा.

एखादी ठरावीक फाइल उघडताना गोठतो, कॉपी अर्ध्यावर थांबते, आतून टक् टक् असा आवाज येतो? तर पुढचे सगळे परिच्छेद सोडून थेट हार्ड डिस्कच्या तब्येतीच्या भागाकडे जा. तिथे उशीर परवडत नाही.

आणि वर्ड-एक्सेल झटकन उघडतं, फक्त वेबसाइट रडतखडत येतात? तर लॅपटॉप स्लो नाही, नेट स्लो आहे. त्याच वायफायवर मोबाइलने तीच साइट उघडून बघा. मोबाइलवरही रखडली तर राउटर किंवा कनेक्शन देणाऱ्याशी बोला, लॅपटॉपवर पैसे घालू नका.

शटडाउन नव्हे, रीस्टार्ट

‘मी तर रोज बंद करतो’ असं जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. त्यातले निम्मे फक्त झाकण मिटतात, म्हणजे लॅपटॉप झोपतो, बंद होत नाही. उरलेले खरंच शटडाउन करतात, पण विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून चालू असते. तिच्यामुळे शटडाउन करताना विंडोज आपला गाभा पुसून टाकत नाही, डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) आत अडकून बसला असेल तर तोही तसाच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

खात्री करून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा म्हणजे टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली ‘अप टाइम’ लिहिलेलं असतं. रोज शटडाउन होणाऱ्या लॅपटॉपवरसुद्धा तिथे वीस-बावीस दिवस दिसतात. रीस्टार्ट करा आणि मग पुढचं बघा.

याच ओघात आणखी एक. जो लॅपटॉप महिन्यातून एकदा उघडला जातो तो नेहमीच स्लो वाटणार. महिनाभराचे अपडेट, अँटिव्हायरसची नवी यादी, राहिलेलं स्कॅनिंग, हे सगळं तो त्याच तासाभरात उरकायला बघतो. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी कपाटातून लॅपटॉप काढणाऱ्यांनी आदल्या रात्री तो चार्जरवर लावून, नेट जोडून, दोन तास तसाच चालू ठेवावा. दुरुस्ती एवढीच.

टास्क मॅनेजर वाचायला शिका

अख्ख्या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. लॅपटॉप अडलेला असताना टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम), डिस्क या तीन आकड्यांकडे पाच मिनिटं बघा. जो आकडा नव्वदच्या आसपास किंवा वर चिकटून बसतो, तिथे तुमचं दुखणं आहे. हे न बघता खर्च करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असताना नवी रॅम टाकून घेतलेले, आणि वर ‘तरी काही फरक नाही’ म्हणून चिडलेले लोक दुकानात नेहमी येतात.

डिस्क १०० टक्के. परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. तिथे ‘एचडीडी’ (फिरती हार्ड डिस्क) किंवा ‘एसएसडी’ (चिपवर साठवणारी डिस्क) असं लिहिलेलं असतं. एचडीडी असेल आणि १०० टक्के दिसत असतानाच खाली वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी दिसत असेल, तर गोंधळून जाऊ नका. लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात, आणि हेड जागेवर सरकायला आणखी दहा-बारा. म्हणजे विखुरलेल्या बारीक फाइल असतील तर सेकंदाला शंभराच्या आतच वाचून होतात. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइल मागतं. डिस्क बिघडलेली नसते, तिच्या कुवतीबाहेरचं काम असतं. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे हा थांबाच नाही.

मेमरी ८५-९० टक्के. ४ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर नुसतं विंडोज सुरू झालं तरी निम्म्याहून जास्त भरलेली असते. उरलेल्या जागेत चार-पाच टॅब, की संपलं. मग विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर ठेवायला लागतं, आणि डिस्क फिरती असेल तर डिस्कचा आकडाही १०० ला जातो. म्हणून दोन्ही आकडे चढलेले दिसले तर मूळ रॅममध्ये असू शकतं.

सीपीयू ९० च्या वर, तेही काही उघडलेलं नसताना. प्रोसेसच्या यादीत सीपीयूच्या मथळ्यावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा वर येईल. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ असेल तर ते विंडोजचं स्वतःचं स्कॅनिंग आहे, होऊ द्या. अनोळखी नाव असेल, किंवा फॅन जोरात फिरतोय पण टास्क मॅनेजर उघडताक्षणी सगळं शांत होतं असं असेल, तर संशय घ्या. गुपचूप क्रिप्टो कॉइन काढणारे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर दिसला की दडी मारतात. फुकट मिळवलेल्या ‘क्रॅक’ ऑफिसबरोबर किंवा गेमबरोबर ते घरात येतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो चालवा. तो विंडोज सुरू होण्याआधी तपासतो, म्हणून लपायला जागा उरत नाही.

तिन्ही आकडे कमी आहेत आणि तरी लॅपटॉप रांगतोय, असंही होतं. त्याचं उत्तर चार्जर आणि उष्णतेच्या भागात आहे.

सुरुवातीची गर्दी

टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ असा विभाग आहे. लॅपटॉप सुरू होताच आपोआप उघडणाऱ्या सगळ्यांची यादी तिथे असते. मीटिंगचे ॲप, गेमचे लाँचर, गाण्यांचे ॲप, प्रिंटर कंपनीचा ‘असिस्टंट’, टोरंट, दोन-तीन क्लाउड स्टोरेज. ज्याचं नाव ओळखता आणि जे तुम्ही स्वतः उघडू शकता, त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. डिसेबल म्हणजे काढून टाकणं नव्हे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. गरज पडेल तेव्हा उघडता येतं.

हात लावू नका अशा गोष्टी: आवाजाचा आणि टचपॅडचा ड्रायव्हर, अँटिव्हायरस, आणि ज्याचं नाव कळत नाही ते. सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी जास्तच जपावं. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर मागे चालू असावंच लागतं. ते बंद केलंत तर लॅपटॉप चपळ होईल पण दुपारी केवायसी अडेल. मात्र जुनं मशीन विकून नवं घेतलं असेल तर जुन्याची आरडी सर्व्हिस तशीच पडून असते, ती काढा. दोन-दोन, तीन-तीन कंपन्यांच्या सर्व्हिस एकाच लॅपटॉपवर चालू असलेल्या सर्रास दिसतात.

दोन अँटिव्हायरस एकत्र कधीही ठेवू नका. प्रत्येक फाइल दोघे तपासतात आणि वेळ दुप्पट लागतो. लॅपटॉपबरोबर आलेल्या, मुदत संपलेल्या ट्रायल अँटिव्हायरसचा तर काही उपयोगच नसतो, वर रोज ‘रिन्यू करा’ म्हणून बोंब. तो अनइन्स्टॉल केला की विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा घेतो. घरगुती कामाला तो पुरेसा आहे, असं माझं मत आहे.

ब्राउझर

उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ अशा पट्ट्या येतात का? बहुतेक वेळा तो व्हायरस नसतो. एखाद्या सिनेमाच्या किंवा निकालाच्या साइटवर कुणीतरी ‘अलाउ’ दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या परवानगीची यादी उघडा आणि अनोळखी साइट काढा. मग एक्स्टेन्शनची यादी उघडा. पीडीएफ कन्व्हर्टर, कूपन शोधणारे, व्हिडिओ डाउनलोडर यांतलं जे वापरत नाही ते काढा. क्रोम आणि एज दोन्हीत मेमरी वाचवायची सोय आहे, ती चालू केली की न बघितलेले टॅब झोपवले जातात. ४ जीबीवाल्यांना यानेच बराच दिलासा मिळतो.

सी ड्राइव्हची जागा, आणि फॉन्ट

सी ड्राइव्ह गच्च भरला की विंडोजला हात-पाय पसरायला जागा उरत नाही. अपडेट अर्ध्यावर अडकतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा अडकतो. एसएसडी असेल तर ती लिहायलाही मंद होते, कारण लिहिण्याआधी तिला मोकळे केलेले कप्पे लागतात. साधारण पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवा. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज इथे कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. डाउनलोड्स फोल्डर आणि व्हॉट्सॲपवरून उतरलेले लग्नाचे व्हिडिओ हे नेहमीचे मानकरी.

पण जागा भरपूर मोकळी असताना ‘टेम्प’ (तात्पुरत्या फाइलचं फोल्डर) रिकामं करून वेग वाढत नाही. ‘प्रीफेच’ रिकामं करायला सांगणारे व्हिडिओ तर उलटा सल्ला देतात. विंडोजने प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून जी नोंद ठेवलेली असते, तीच तुम्ही पुसता. पुढची सुरुवात आणखी मंद होते.

आपल्याकडचं एक खास कारण इंग्रजी याद्यांमध्ये सहसा सापडत नाही, ते म्हणजे फॉन्ट. लग्नपत्रिका, बॅनर, पेपरची पानं लावणाऱ्यांच्या लॅपटॉपवर श्रीलिपी, कृतिदेव आणि कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेले असे फॉन्टचे गठ्ठेच्या गठ्ठे बसवलेले असतात. कोरलड्रॉ किंवा वर्ड उघडताना यादी बनवायला प्रत्येक फॉन्ट तपासला जातो. बाकी लॅपटॉप ठीक, पण नेमकं कोरल उघडायला चहा पिऊन होतो, असं असेल तर रोज न लागणारे फॉन्ट एका फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा आणि फॉन्ट्समधून काढून टाका. लागेल तेव्हा त्या दिवसापुरता बसवा.

हे करू नका

‘एमएसकॉन्फिग’मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या आणि मेमरीचा आकडा निवडला की लॅपटॉप सुसाट होतो, हा यूट्यूबवरचा लाडका नुस्का आहे. तो पर्याय चाचणीसाठी, मर्यादा घालायला दिलेला आहे. विंडोज मुळातच सगळे कोअर आणि सगळी रॅम वापरतं. आकडा चुकून कमी पडला तर ८ जीबीचा लॅपटॉप ४ जीबीसारखा वागायला लागतो, आणि मग कारण शोधत बसा.

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारी आणि ‘बूस्टर’ नावाची सॉफ्टवेअर टाकू नका. ती स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात. एसएसडीला बाहेरच्या प्रोग्रॅमने डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल एकत्र लावणं) करू नका, विंडोज तिची निगा आपसूक राखतं. अपडेट कायमचे बंद करू नका.

चार्जर आणि पॉवर

आधी सेटिंगमधला पॉवर मोड बघा. ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ निवडलेलं असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी प्रोसेसर दबकून चालतो. चार्जरवर असताना ‘बेस्ट परफॉर्मन्स’ ठेवा.

आता ती आकडे कमी असून रांगणारी केस. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या खाली ‘स्पीड’ असतो. नीट लॅपटॉपवर तो कामाप्रमाणे वरखाली होतो, दीड, अडीच, तीन गिगाहर्ट्झ. काहीही उघडा, तो ०.४ किंवा ०.७ च्या आसपास खिळून राहिला असेल तर प्रोसेसरला कुणीतरी मुद्दाम दाबून धरलं आहे. अशा वेळी पहिला संशय चार्जरवर. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जरशी ‘ओळख’ करून घेतात, त्यासाठी पिनच्या मधोमध एक बारीक तार असते. स्वस्तातला डुप्लिकेट चार्जर, कमी वॅटचा चार्जर, किंवा वाकून तुटलेली ती मधली पिन, यातलं काही असलं की लॅपटॉपला चार्जर ओळखता येत नाही. मग तो ‘पुरेशी वीज नाही’ असं धरून प्रोसेसर सगळ्यात खालच्या वेगावर बसवतो. बॅटरी चार्ज न होणं ही त्याची दुसरी खूण.

तपासणी सोपी. चार्जर काढा, बॅटरीवर दोन मिनिटं चालवा आणि स्पीड बघा. उसळी मारली तर चार्जर बदलून बघा. शेजाऱ्याकडचा त्याच कंपनीचा, तितक्याच वॅटचा आणि त्याच पिनचा मूळ चार्जर मागून आणा, विकत नंतर घ्या. चार्जर चांगला निघाला आणि तरी तेच असेल तर लॅपटॉपच्या बाजूचा जॅक किंवा बोर्ड बघावा लागतो. ते तुमचं काम नाही.

उष्णता

प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. आमच्याकडे वऱ्हाडात मे महिन्यात बाहेरच ४४-४५ असतं, त्यामुळे पंख्याला मुळातच कमी वाव. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की तळाची जाळी बंद. आधी टणक, सपाट जागेवर ठेवा, मागून पुस्तकाने बोटभर उचला आणि अर्धा तास बघा. फरक पडला तर कारण सापडलं. कूलरच्या झोतात ठेवू नका. हवा गार असते खरी, पण तिच्याबरोबर पाण्याचे तुषारही आत जातात.

पाच वर्षं न उघडलेल्या लॅपटॉपच्या आत काय असतं ते एकदा बघण्यासारखं असतं. पंखा हवा ढकलतो ती तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांच्या जाळीतून. धूळ अडकते ती पंख्यावर नाही, पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत. जिनिंगच्या ऑफिसातून आलेल्या लॅपटॉपमध्ये तिथे कापसाच्या तंतूंचा, नमद्यासारखा दाबून बसलेला थर निघतो. चिमट्याने धरला की अख्खी पट्टी एकसंध बाहेर येते, आणि तिच्यातून उजेडसुद्धा पार होत नाही. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट आणखी घट्ट बसतो. पंखा काढूनच साफ करावा लागतो. तेवढ्यात प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर पोचवणारा लेप) बदलून घ्यावी.

मागचं झाकण उघडण्याचा सराव असेल तर हे घरी होतं. बॅटरीची जोडणी आधी काढायची, पंखा बोटाने किंवा काडीने अडवूनच हवा मारायची, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याची बेअरिंग जाते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका. कधी उघडला नसेल तर दुकानात द्या, हे मोठ्या खर्चाचं काम नाही.

हार्ड डिस्कची तब्येत

‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा फुकट प्रोग्रॅम उतरवून चालवा. डिस्क स्वतःची नोंद ठेवत असते, तो ती वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक. पिवळा ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ आला तर खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. डिस्कवरचे खराब झालेले भाग तिथे मोजलेले असतात. असा भाग वाचताना डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, आणि तेवढा वेळ अख्खा लॅपटॉप गोठतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ काम नसतानाही हजारो मिलिसेकंदांत दिसत असेल तर तीच गोष्ट.

पिवळा दिसला की वेगाचा विचार सोडा. आधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. बाहेरच्या म्हणजे खरोखर वेगळ्या. ‘माझा डेटा डी ड्राइव्हवर आहे, सेफ आहे’ हे वाक्य ऐकून पोटात गोळा येतो. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. डेटा निघेपर्यंत ‘चेकडिस्क’ ही विंडोजची डिस्क-तपासणी चालवू नका, कारण ती अख्खी डिस्क पिंजून काढते, आणि मरायला टेकलेली डिस्क त्या श्रमात जाऊ शकते.

टक् टक् आवाज येत असेल आणि आतला डेटा मोलाचा असेल तर लॅपटॉप ताबडतोब बंद करा, पुन्हा चालू करून बघू नका. तो आवाज हेडचा असतो. प्रत्येक चालू-बंदला तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका वाढतो. अशी डिस्क साध्या रिपेअरिंगच्या दुकानात नव्हे, डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्याकडे न्यावी लागते.

आता खर्चाकडे: एसएसडी आणि रॅम

डिस्क एचडीडी आहे आणि टास्क मॅनेजर डिस्ककडे बोट दाखवतोय, तर एसएसडी टाकणं हा एकच खर्च असा आहे की जो मी डोळे झाकून सुचवतो. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. ती सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते. नव्या लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची खाच असते, तिच्यात एनव्हीएमई एसएसडी बसली तर वेग त्याच्या कित्येक पट. पण त्या आकड्यांच्या मागे लागू नका. एचडीडीवरून कुठल्याही चांगल्या एसएसडीवर गेलात की रोजच्या वापरात खरी उडी तिथेच जाणवते. घेण्याआधी खाच कोणती ते नक्की करा. एम.२ दिसायला एकच, पण काही लॅपटॉपमध्ये ती फक्त साटा चालवते, काहींत फक्त एनव्हीएमई. लांबीही वेगवेगळी असते.

जुनी हार्ड डिस्क ठणठणीत असेल तर फेकू नका. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये तो काढून त्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) ती बसते. कॅडीची जाडी साडेनऊ की १२.७ मिलिमीटर ते मोजून घ्या. विंडोज मात्र एसएसडीवरच हवं.

रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. दोनपैकी एक रिकामा असेल तर काम स्वस्तात होतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, तिथे वाढवता येत नाही. डीडीआर३एल, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. घरगुती आणि ऑफिसच्या कामाला ८ जीबी पुरते. फोटोशॉप, कोरल, व्हिडिओ असेल तर १६.

या दोन्ही कामांआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी की हाताशी ठेवा. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललं की ४८ अंकी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आणि त्या खात्याचा पासवर्ड विसरलेला असतो, हे ओघाने आलंच, म्हणून आधी ते खातं उघडून बघा.

फॉरमॅट, शेवटी

वरचं सगळं करून आकडे स्वच्छ आले, तरी मंदच आहे, किंवा व्हायरस निघता निघत नाही, तर फॉरमॅट मारा. नवी एसएसडी टाकताना तर विंडोज नव्यानेच टाकणं मला आवडतं, जुना कचरा क्लोन करून नेण्यात काय अर्थ? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तरच चालतं. त्याहून जुन्या लॅपटॉपवर जुगाड करून ११ टाकून मिळतं, पण ज्यावर बँकेचं काम होतं त्या लॅपटॉपवर मी ते टाकत नाही. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच आहे त्यांनी लिनक्स मिंट वापरून बघावं, जुन्या लॅपटॉपवर ते हलकं चालतं. टॅली, सेतूची मशीनं, डिजिटल सही असेल तर मात्र विंडोजशिवाय गत्यंतर नाही.

३२ किंवा ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डलाच जोडलेलं) स्टोरेज आणि चिकटवलेली ४ जीबी रॅम असा लॅपटॉप असेल तर पैसे घालू नका. त्यात बदलण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. मुलांना व्हिडिओ बघायला द्या.

कुठे थांबायचं

टचपॅड वर आलाय, कीबोर्ड मधोमध फुगलाय, झाकण नीट मिटत नाही: बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, दाबू नका, टोचू नका, तसाच दुकानात न्या. चहा-पाणी सांडल्यानंतर मंद झाला असेल तर चालू करून बघत बसू नका, आत गंज धरतो. जळका वास, चार्जिंगच्या जॅकजवळ चटका बसेल इतकी उष्णता, चांगला चार्जर लावूनही ०.४ वर खिळलेला प्रोसेसर: हे तिन्ही बोर्डाचे विषय आहेत. बोर्डाचं काम हॉट एअर आणि मायक्रोस्कोप असलेल्याकडेच द्या, आणि ‘बोर्ड बदलावा लागेल’ हे ऐकल्यावर आणखी एका ठिकाणी विचारा.

दुकानात देण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या मेमरी आणि डिस्कच्या पानांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, परत घेताना ताडून बघता येतं. अंदाजे खर्च आधी लिहून मागा. नवीन एसएसडी-रॅमचं बिल स्वतःच्या नावाने घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते. काढलेली जुनी डिस्क न विसरता परत मागा, चालू असो की बंद, कारण तुमचे आधार, पासबुक आणि घरचे फोटो त्याच डिस्कवर असतात.